सरज्याचा वंश

"ह्यो तिसरा. ह्येचं लई वंगाळ झालंय," असं म्हणून आमसिद्ध अण्णांनी कुत्र्याला माझ्या पुढ्यात आणून उभं केलं.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात उचलून बघते तर तळव्यावर राखाडी केसांचा भुगा आणि पांढरा कोंडा. कारवान जातीचं ते आठ महिन्यांचं कुत्रं, लांब तोंडाचं, कंबरेत मुठीएवढं. डोक्यावर आणि पायांवर अजून चुलीतल्या राखेच्या रंगाचे केस होते. पाठ, कुशी आणि मानेच्या बाजू मात्र साफ उघड्या पडलेल्या, कातडी काळसर आणि जाड. मानेवर एक जखम चिघळली होती. तिथे मी जांभळं औषध लावलं. झोंबलं असणार, पण कुत्रं हललं नाही की त्याने कुईसुद्धा केलं नाही.

त्याची दोन भावंडं तशीच, जरा कमी उघडी. बाकीची सहा काळीभोर, तुकतुकीत. नऊच्या नऊ अंगणात बसली होती आणि एकही भुंकत नव्हतं. माझ्या अंगाला औषधांचा वास येतो. तो आला की एरवी कुत्री घर डोक्यावर घेतात. ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. सगळी घराकडे तोंड करून बसली होती. घराच्या दाराला भर सकाळी घोंगडी टांगलेली होती आणि तिच्या आडून करंजेलाचा उग्र वास येत होता.

"यांना करंजेल लावता का?" मी विचारलं.

"लावतो की," अण्णा म्हणाले.

कुत्र्याची कातडी कोरडी ठाक होती. ते मला दिसलं. दिसलं आणि मी सोडून दिलं.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, जनावरांची डॉक्टर होऊन जेमतेम सात महिने झाले होते. जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाची हद्द जिथे हाकेच्या अंतरावर येते, तिथे माझी पहिली नेमणूक झाली होती. त्या बाजूला बाई डॉक्टर कुणी पाहिली नव्हती. सुरुवातीला लोक म्हैस दाखवायला कमी आणि मला बघायला जास्त यायचे. त्यामुळे मला सतत कुणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवायचं असायचं. हुशारी होती, ती पोटात मावत नव्हती. एका खांद्याला औषधांची पिशवी आणि हातात सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी घेऊन मी वाड्यावस्त्या हिंडायची. पिशवी कामासाठी, पेटी मिरवायला.

अण्णा त्यांच्या वस्तीवरून अकरा किलोमीटर चालत तीन वेळा दवाखान्यात आले होते. कुत्रं एकदाही आणलं नव्हतं. पहिल्या दोन खेपांना नुसतेच बाकावर बसून, माझ्याकडे बघून गेले. तिसऱ्या खेपेला जवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, कातडीचं कळतं का तुमाला?"

कातडीच्या रोगांत मी कॉलेजात पहिली आले होते. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा.

"मग अवसेच्या आत येऊन जावा. अवसेला ठरवायचं हाय."

मला जायला अवसच उजाडली. चैत्रातली अवस, सकाळचे नऊ वाजलेले आणि माळ आत्ताच तापलेला.

"काय ठरवायचंय आज?" कुत्र्याची मान सोडत मी विचारलं.

अण्णा उकिडवे बसले. सत्तरीचा माणूस, उंच, हाडापेरानं मोठा. बोलायचे मात्र कुणी निजलेलं उठू नये अशा आवाजात. त्यांनी सांगितलं ते असं: वस्तीत राखी रंगाचं पिल्लू जन्मलं की ते आपलं नव्हे, माळजाई देवीचं. पुढच्या अवसेला, सूर्य डोक्यावर आला की त्याला माळावरच्या जुन्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवायचं. मारायचं नाही, बांधायचं नाही. ठेवून मागे न बघता यायचं. ऊन काय करायचं ते करतं. त्यांच्या आज्यापासून हे असंच चाललं होतं.

"मग ही तीन आठ महिने कशी ठेवलीत?"

अण्णांनी दाराकडे बघितलं. "ह्या खेपेला म्हटलं बघू. सुधारत्यात का."

"आणि सुधारली नाहीत तर?"

"तर आज परत द्यायचं. तुमी सांगा. सुधारणार असली तर ठिवतो."

म्हणजे मी काय बोलते त्यावर जीव अवलंबून होते. एवढं मला पक्कं कळलं होतं. त्याचं मला ओझं वाटायला हवं होतं. वाटला तो रुबाब.

मी पेटी उघडली. चिमट्याने राखी कुत्र्याचे दोन केस उपटले, काचेवर ठेवले, थेंबभर तेल घातलं आणि खालचा आरसा फिरवून ऊन पकडलं. अण्णांना म्हटलं, "बघा यातून. एक डोळा मिटा."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "गाठी हाईत," ते म्हणाले. "दोऱ्याला गाठी पडाव्यात तशा."

"बरोबर. तो रंग आहे. काळा रंग कातडीखाली तयार होतो आणि केस वाढताना दाण्यादाण्यांनी त्याच्यात भरला जातो. चांगल्या कुत्र्यात तो सारखा पसरतो, म्हणून केस काळाभोर. इथे पसरवणारा हातच अधू आहे. रंग तोच, तेवढाच, पण एका जागी गोळा होतो. म्हणून लांबून राखी दिसतो. आणि जिथे गोळा होतो तिथे केस कमजोर होऊन मोडतो. आधी केस जातात, मग मुळं बुजतात, मग कातडी बिघडते."

मग मी काळ्या कुत्र्याचा केस लावून दाखवला. सरळ, भरीव, गाठ नाही. अण्णांनी आळीपाळीने दोन्ही चार वेळा बघितले. माझं शिकवणं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मला चेव चढला.

"यांचे आईबाप सांगा," असं म्हणून मी चुलीपाशी पडलेला कोळसा उचलला आणि सारवलेल्या अंगणात रेघा ओढून त्यांच्या वंशाचं झाड काढायला लागले.

अण्णांना कुत्र्यांच्या पिढ्या तोंडपाठ होत्या. या तिघांची आई मोरी, बाप बिजल्या. मोरीची आई हरणी. बिजल्याचा बाप खंड्या. "आनि हरणी काय, खंड्या काय, दोगं सरज्याची." सरज्याचं नाव घेताना त्यांनी नकळत हात जोडले. सरज्यासारखा कुत्रा त्या पट्ट्यात झाला नव्हता; सोळा वर्षं जगला; शर्यतीत त्याची धूळसुद्धा कुणाला दिसली नाही.

"मग पुढे बाहेरचा कुत्रा कधी लावला नाही?"

"कशापायी? घरचं रक्त घरात ऱ्हावं. बाहीर कशाला सांडायचं?"

मी वर सरज्या लिहिला, त्याच्यापासून दोन रेघा खाली आणल्या, एक हरणीवरून मोरीकडे, एक खंड्यावरून बिजल्याकडे, आणि खाली तीन पिल्लांवर त्या जोडल्या. "इथे आहे तुमचं दुखणं," असं म्हणून मी कोळसा सरज्यावर टेकवला.

"सरज्याच्या अंगावर डाग नव्हता," अण्णा जरा कडक आवाजात म्हणाले.

"दिसणारच नाही. असं समजा, प्रत्येक जिवाला रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चिठ्ठी चांगली असली तरी भागतं. सरज्याकडे एक बिघडलेली होती, एक चांगली. त्याचं काही बिघडलं नाही. त्याने बिघडलेली हरणीला दिली, खंड्यालाही दिली. त्यांनी खाली दिली. त्यांच्याही अंगावर काही नाही. पण घरातल्या घरात लावलंत आणि या तिघांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. अण्णा, ज्याच्यामुळे होतं त्याच्या अंगावर कधीच दिसत नाही."

दारावरची घोंगडी हलली. वारा नव्हता.

"म्हंजे एकट्या आईचा दोष न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"नाही. दोघांनी निम्मं निम्मं दिलं."

"गिराण बगितल्यानं झालं, असं बी न्हाई?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही. नजर नाही, शाप नाही, माळजाई नाही."

कुत्रीला ग्रहण कोण बघायला लावतं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. काखेत कळसा असतो तो असा.

अण्णा म्हणाले, "औषिद?"

"नाही."

"कायमचंच?"

इथे मी काय केलं ते मला नीट सांगायला हवं. अशी कुत्री जगतात. तेल लावलं, उन्हापासून जपलं, जखमा धुतल्या तर चांगली दहा-बारा वर्षं जगतात, खातात, खेळतात. हे मला माहीत होतं. पण मला त्या म्हाताऱ्याचं घरचं रक्त घरात ठेवण्याचं वेड मोडायचं होतं. त्याला दहशत बसावी, पुन्हा त्याने हा उद्योग करू नये, असं मला वाटलं. आणि शेवटी, मी पहिली आलेली डॉक्टर होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"हे वाढतच जाणार," मी म्हणाले. "उन्हात कातडी भाजणार, थंडीत भेगा पडणार, पू होणार. अशा जिवाला जगवणं म्हणजे रोज थोडं थोडं मारणं आहे, अण्णा. माझ्या हातात असतं तर मी केव्हाच सोडवला असता."

"सोडवला असता," अण्णा पुटपुटले.

घोंगडी बाजूला झाली आणि एक बाई बाहेर आली. वीस-एकवीस वर्षांची, डोळे खोल गेलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने चमकत होते. "निलव्वा. माझी सून," अण्णा म्हणाले. तिचा नवरा मायाप्पा मेंढरं घेऊन बाजाराला गेला होता.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी कोळशाच्या रेघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, तुमाला नक्की म्हाईत हाय? सुधारत न्हाई?"

"नक्की," मी म्हणाले.

"आनि तरास हुतो त्येला? आतून?"

"फार."

तिने मान हलवली. अण्णांकडे वळून म्हणाली, "शिकल्यालं मानूस खोटं कशाला बोलंल," आणि आत गेली. सगळी कुत्री तिच्या पाठीकडे बघत राहिली.

अण्णांनी मला तांब्याभर ताक दिलं, पण स्वतः ते माझ्याकडे बघत नव्हते. जेवायला थांबा म्हणाले नाहीत. त्या भागात पाहुण्याला उपाशी सोडत नाहीत. मला जरा लागलंच ते. "बाराच्या आत फाट्यावर पोचा. अवसेचं रानात थांबू नगासा," एवढंच म्हणाले.

फाट्यावर एक लिंबाचं झाड होतं. साडेबाराची एस.टी. यायची होती. मी पेटीवर बसले. माळावर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं पडलं होतं की लांबची झुडपं जमिनीवर टेकलेली दिसत नव्हती, जरा वर तरंगत होती. माणसं म्हणतात भर बाराला माळावर काहीतरी फिरतं. मी त्यावर हसायची. त्या दिवशी हसू येत नव्हतं आणि का येत नव्हतं ते कळत नव्हतं.

मग मला अण्णा दिसले.

ते वस्तीकडून निघून माळावर चढत होते. धुतलेलं पांढरं धोतर, खांद्यावर काळी घोंगडी, डोक्यावर मोठी दुरडी, तीही कापडाने झाकलेली. दोन्ही हातांनी दुरडी धरून ते अगदी संथ चालत होते. मागे कुत्री. एकामागे एक, एका ओळीत, ना इकडे ना तिकडे. मोकळ्या रानात कारवान कुत्रं असं चालत नाही, ते सुटतं. ही प्रेतामागून चालावं तशी चालत होती.

मला वाईट वाटलं. तीन जीव चालले, असं मनात आलं. तिसरं, सगळ्यात खराब झालेलं, दुरडीत असेल असं वाटलं, आणि मग मी मोजलं. उगीच, सवयीने. पुढे सहा काळी. त्यांच्या मागे राखी एक, दोन, आणि शेवटी तिसरं, मानेवर जांभळा डाग असलेलं.

नऊ. नऊच्या नऊ पायांनी चालत होती.

मग दुरडीत कोण होतं?

नैवेद्य असेल, मी स्वतःला सांगितलं. नैवेद्य एका हातात मावतो. एवढ्या जपून कुणी नेत नाही. आणि मग एकेक गोष्ट उलटी होऊन समोर आली. कुत्री कोरडी आणि सुनेचे हात तेलाने माखलेले. भर उन्हाळ्यात दाराला घोंगडी. तीन खेपा येऊन एकदाही कुत्रं न आणणारा माणूस. गिराण. आईचा दोष. त्रास होतो का, आतून.

पेटी तिथेच टाकून मी पळत सुटले.

खाण म्हणजे माळाच्या पोटात पडलेला एक पांढरा खड्डा. सावलीचा तुकडा नाही. मी पोचले तेव्हा कुत्री काठाने गोल बसली होती, सगळ्यांची तोंडं मध्ये. मध्ये दुरडी होती, वरचं कापड काढलेलं. अण्णा तिच्यापासून चार पावलांवर पाठ करून उभे होते. निघायचं होतं त्यांना, पण पाय उचलत नव्हते.

दुरडीत एक मूल होतं. मुलगी. आठ महिन्यांची असेल, दिसायला चार महिन्यांएवढी. सगळं अंग तळ्याचा गाळ वाळून तडकतो तसं, मोठमोठे तपकिरी खवले, मधल्या भेगा लाल, वरून तेलाची चमक. पापण्या बाहेर वळलेल्या, त्यामुळे डोळे मिटत नव्हते. भर उन्हात ती उघड्या डोळ्यांनी वर बघत होती. रडत नव्हती. धापा टाकत होती. मी हात लावला तर अंग तव्यासारखं. अशा कातडीतून घाम येत नाही, उष्णता आतच कोंडते, हे मला क्षणात समजलं. फार वेळ नव्हता.

मी पिशवीतली पाण्याची बाटली पदरावर ओतली आणि पदर तिच्या अंगाभोवती गुंडाळला.

"आडवं येऊ नगासा, बाई," अण्णा मागे न बघता म्हणाले. "बारा वाजून गेल्यात."

"हे मूल आहे, अण्णा!"

"म्हाईत हाय. ज्या राती मोरी व्याली त्याच राती ही झाली. आठ म्हयने कुत्र्यांकडं बगत ऱ्हायलो. ती सुधारली असती तर ही बी सुधारली असती."

"मला का नाही दाखवलंत? मिरजेला का नाही नेलंत?"

"मानसाच्या डाक्टराला दावलं असतं तर गावभर झालं असतं. मायाप्पाला लोकांनी दुसरी कर म्हनून सांगितलं असतं. कुत्रं दावायला कोन लाजतंय?"

मी मूल छातीशी धरून वळले. कुत्री उठून उभी राहिली. गुरगुरली नाहीत, दात दाखवले नाहीत. नुसती उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, आणि माझी वाट त्यांच्यामधून होती. जन्मात मी कुत्र्याला भ्यायले नव्हते. तेव्हा भ्यायले.

"यांना बाजूला करा."

"तीच बसत्यात तशी. ही पोर जल्मल्यापास्नं. म्या शिकवलं न्हाई."

"अण्णा, मी खोटं बोलले," मी म्हणाले.

ते वळले.

"अशी कुत्री जगतात. तेल लावून, सावलीत ठेवून वर्षानुवर्षं जगतात. मी तुम्हाला घाबरवायला बोलले. मोठेपणा करायला बोलले. आणि हिचा आजार तर वेगळाच आहे, त्यातलं मला काही कळत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. पण अशी माणसं असतात आणि जगतात, एवढं मला माहीत आहे. हे खरं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. घामाच्या धारा त्यांच्या मिशीत उतरत होत्या. "ते झाड बी खोटं? कोळशानं काढलासा ते?"

खोटं, असं म्हणता आलं असतं. त्यांना बरं वाटलं असतं. पण दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. "नाही. झाड खरं आहे."

"मग सरज्या मीच की," अण्णा म्हणाले.

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "निलव्वा माझ्या लेकीची लेक. माझी नात. मायाप्पाला दिली, तिच्या मामाला. आमच्यात देत्यात. घरचं रक्त घरात ऱ्हावं म्हनून म्याच हट्ट केला. तुमी रेघा वडत हुतासा तवा मला कुत्री दिसंनात. मायाप्पाकडनं एक रेघ, निलव्वाकडनं एक, आनि वर मी. सत्तर वर्सं झाली, अंगावर डाग न्हाई." त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "ज्याच्यामुळं हुतं त्याच्या अंगावर दिसत न्हाई म्हनलासा."

मग त्यांनी जिभेने एक बारीक टक केलं. कुत्री दोन्ही बाजूंना सरकली. अण्णा खाली वाकले, रिकामी दुरडी बाजूला केली आणि ती होती त्या जागी, उन्हात, मांडी घालून बसले.

"उठा," मी म्हणाले.

"तुमी जावा. पोराला ऊन लागतंय."

खरं होतं. मी गेले. काठावर आल्यावर मागे बघितलं तर कुत्री पुन्हा गोल बसली होती, तोंडं आत करून. माझ्यामागे एकही आलं नाही.

मायाप्पाने संध्याकाळी बाजारावरून येऊन बापाला पाठीवर घालून घरी आणलं. पायांची, मानेची कातडी सोलून निघाली होती. वाचले ते, चार वर्षं जगले, पण आवाज पुन्हा कुणी फारसा ऐकला नाही. कुत्री त्यांनी लांबलांबच्या गावांना देऊन टाकली, एका गावात एकच. मुलीला मी दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी, माणसांच्या, बघितलं आणि म्हणाले, जन्मभर जपावं लागेल, पण जगेल. आठ महिन्यांत तिचं नावही ठेवलं नव्हतं. केसपेपरावर लिहायचं म्हणून तिथेच ठेवलं. आज ती विजापूरला असते, शिवणकाम करते, उन्हाळ्यात चार महिने घराबाहेर पडत नाही. दिवाळीला तिचा फोन येतो. हे सगळं चांगलं झालं आणि ऐकणारे इथे सुटकेचा श्वास सोडतात. मी अजून सोडलेला नाही, कारण त्या दुपारचं एक राहिलंच.

खाणीतून मी वस्तीवर आले तेव्हा अंगण रिकामं होतं. मी घोंगडी बाजूला करून आत गेले. आत अंधार आणि गारवा. निलव्वा भिंतीला टेकून बसली होती. रडलेली वाटत नव्हती. शेजारी तेलाची वाटी पालथी घातलेली.

मी मूल पुढे केलं. तिने हात उचलले नाहीत.

"परत कशापायी आनलासा?"

"ती जगेल, निलव्वा. उद्या आपण मिरजेला जाऊ."

"सकाळी तर म्हनलासा..."

"सकाळी मी चुकले."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"अण्णा न्हाई म्हनत हुते," ती म्हणाली. "आनि एक म्हयना बगू म्हनत हुते. म्याच धुतली, तेल लावलं, म्याच दुरडीत घातली. म्याच त्यांच्या डोस्क्यावर दिली. तरास हुतो म्हनलासा न्हवं, आतून. म्हनून दिली."

मूल माझ्या हातात वळवळायला लागलं. ओल्या पदरातून तोंड बाहेर काढून, न मिटणारे डोळे आईकडे लावून, आवाज न करता ते शोधत होतं. निलव्वाने शेवटी त्याला घेतलं, मांडीवर ठेवलं आणि आपला पदर बाजूला केला. छातीभोवती तिने जाड धडपा ओला करून बांधला होता, चार वेढे, दूध आटावं म्हणून. मूल गेल्यावर बायका बांधतात तसा. त्याच्यावर दुधाचे दोन पांढरट डाग पसरत चालले होते.

तिने गाठ सोडायला घेतली. सुटेना. दातांनी ओढली, सुटेना. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी पिशवीतून कात्री काढली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. कापडाखाली टोक सरकवायला जागाच नव्हती, इतकं तिने ते आवळलं होतं. मी सांभाळून, एकेक धागा धरत, कापायला लागले.